उघड्या टपाची गाडी

धर्मराजला वेड लागलंय, यावर अख्ख्या गव्हाण गावाचं एकमत होतं. उघड्या टपाची गाडी घ्यायची म्हणे, तीही सेकंडहँड! जमिनीचे पैसे आले की आमच्या माणसांना अशी खाज सुटते, असं मीही चारचौघांत बोललो होतो. मी शैलेश, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

खरं कारण होतं त्याची आई, हौसाकाकी. उभा जन्म तिने मिठागरात काढला, वर आभाळ आणि पायाखाली चिखल. मग शेजारच्या उलव्याच्या टॉवरमध्ये राहायला आली आणि एका दुपारी लिफ्टमध्ये अडकली. तेव्हापासून दार बंद झालं की तिचा जीव घाबरा होतो. डायलिसिससाठी पनवेलला नेताना तिने माझ्या गाडीचं दार भर हायवेवर उघडलं होतं. रिक्षा करून पाहिली, तर परतताना खड्ड्यांनी ती अर्धमेली व्हायची. शेवटी म्हणाली, "आता मी जानार नाय. घरीच मरू दे मना."

डॉक्टर म्हणाले होते, एकही खेप चुकवू नका. म्हणून ही गाडी. पण धर्मराजने हे गावात कुणालाच सांगितलं नाही; मलाही गाडी बघायला बोलावलं तेव्हाच. आईला कुणी हसलेलं त्याला चाललं नसतं.

पनवेलचा दलाल दीपेश डायलिसिसच्याच दिवशी गाडी दाखवायला घेऊन आला. लग्नाच्या वरातीत भाड्याने फिरलेली गाडी, मागच्या सीटवर हळदीचे डाग. ते बघून काकी थबकली.

"नवरीच्या जाग्यावर मी रांडवबाय कशी बसू?"

"बस गो आये," धर्मराज म्हणाला आणि डागांवर आपला टॉवेल टाकून तिच्या शेजारी बसला. मी पुढे, दीपेशजवळ.

गाडी निघाली. काकीने वर पाहिलं आणि तिचे खांदे सैल झाले. धर्मराज माझ्याकडे बघून हसला, जणू गाडी घेतलीच. मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

पुढे ट्रेलरची रांग लागली. गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली आणि धुळीचा लोट अंगावर आला. सीट खराब होतील म्हणून दीपेशने कुणाला न विचारता बटण दाबलं. मागून टप वर उठला आणि आमच्या डोक्यांवर यायला लागला.

काकी किंचाळली. मागे दार नव्हतंच, उतरणार कुठून? धर्मराजने दोन्ही हात वर करून टप धरला. "थांबव!" मी ओरडलो. दीपेश घाबरून भलतीच बटणं दाबत सुटला. मोटर घरघरत राहिली. टप थांबेना, धर्मराज सोडेना. त्याची बोटं पत्र्याच्या कडेत सापडली आणि रक्त मनगटावरून काकीच्या पदरावर टपकायला लागलं.

काकीचं ओरडणं थांबलं.

"हात काढ, बाला."

"तुझा दम कोंडंल, आये!"

"कोंडू दे. हात काढ म्हनते ना!"

त्याने जोर लावून हात ओढून घेतले. टप धाडकन बसला, तो पुन्हा उघडेचना. आत अंधारून आलं. मी मागे वळून बघायलाही भीत होतो. शेवटी पाहिलं, तर काकीने डोळे गच्च मिटले होते, घामाने भिजली होती आणि पदरात गुंडाळलेल्या त्याच्या बोटांवर फुंकर घालत होती. हॉस्पिटल येईपर्यंत ती थांबली नाही. तिथे आधी त्याच्या बोटांना टाके पडले, मग तिला सुई लागली.

ती गाडी काही घेतली नाही. गाव म्हणालं, धर्मराजचं डोकं ठिकाणावर आलं.

पुढच्या खेपेला मी माझी जुनी गाडी दारात लावली. काकी खाली आली, लिफ्टने नाही, जिन्याने, भिंत धरत. मागच्या सीटवर बसली. धर्मराज काच पूर्ण खाली करायला लागला, तेव्हा तिने त्याला अडवलं.

"लाव काच. धूल येते."

मग श्वास आवरत तिने पदर पसरला.

"हात दे तुझा."