बर्फाचा शेक

लेडीज टेलर बिरूचा पाय मांडीपासून कापला, अशी बातमी आमच्या गल्लीत फिरली. सांगणारीनं कुठून कापला तेही बोट ठेवून दाखवलं. सांगणारी मीच, तेव्हा दुरुस्तीही मीच करते: पाय शाबूत आहे, उजव्या गुडघ्याचा सांधा बदललाय.

बिरूचं रक्त जन्मापासून गोठतच नाही लवकर. सोयगावकडचं धनगराचं पोर, पण मेंढरांमागं धावताना पडलं की महिनाभर गुडघा सुजलेला. म्हणून शहरात, आमच्या औरंगपुऱ्यात येऊन पायडलची शिलाई मशीन धरली. आत रक्त साचून साचून पस्तिशीतच सांधा संपला.

रक्त गोठायची इंजेक्शनं देऊन ऑपरेशन झालं, पुढंही ती चालूच राहिली. डॉक्टरांनी बजावलं, "आता रोज व्यायाम. गुडघा नव्वद अंश वाकला तर मशीनवर बसशील. हे दिवस गेले तर आखडला म्हणून समज."

तिसऱ्या दिवशी सिस्टर त्याच्या आईला, दगडाबाईला, सांगून गेली, "मावशी, दर दोन तासांनी गुडघ्याला शेक द्या." दगडाबाईनं मला फोन लावला. मी लगोलग रिक्षा केली; घरची रबरी पिशवी अन् थर्मासभर उकळतं पाणी घेऊन वॉर्डात मिरवतच शिरले. दुपारभर आम्ही दोघींनी आळीपाळीनं शेकलं.

"आई, लई ठणकतंय," बिरू दात आवळून म्हणाला.

"ठणकतंय म्हंजे गुण येतोय. गप पड."

संध्याकाळी गुडघा टरबुजासारखा तटतटला. आत रक्त सुटलं होतं. सिस्टर ओरडली, "शेक म्हणजे बर्फाचा! फ्रीजमध्ये पिशव्या ठेवल्यात ना!"

"बर्फाचा कुठं शेक असतोय का, बाई?" दगडाबाई एवढंच बोलली. त्यानंतर तिनं लेकाच्या पायाला हात लावला नाही, चादरसुद्धा सारखी केली नाही.

इंजेक्शनं वाढली, व्यायाम दहा दिवस बंद. पुन्हा सुरू केला तेव्हा गुडघा चाळीसवर अडला, तो अडलाच. तसंच कागदावर लिहून त्याला घरी सोडलं. मशीनवर आता जुनं लुगडं टाकलंय.

काल गेले भेटायला. दगडाबाई दारातच बसलेली. माझी जीभ कुठं गप्प बसते! रडू यायच्या आत म्हटलं, "बिरूभाऊ, लेकीच्या लग्नाचे सोळा ब्लाउज तुमच्या भरवशावर ठेवलेत. काय करू आता?"

बिरू म्हणाला, "शिवीन की, वहिनी. बसून नाय तर उभ्यानं शिवीन. फक्त माप द्यायला रिकाम्या हातानं या."