झाकलेला गुडघा

रुग्णालयात तिला सगळे ‘कोनवाली’ म्हणत. गुडघ्याच्या जरा वर मांडीचे हाड मोडलेल्या माणसांचा गुडघा किती कोनात वाकतो, हे मोजणे तिचे काम. कोणाच्या हाडाला बाहेरून धातूची पट्टी आवळलेली, कोणाच्या हाडाच्या पोकळीत सळई सरकवलेली. दोहोंत सरस काय, हे डॉक्टरांना ठरवायचे होते; म्हणून कोणाला पट्टी आणि कोणाला सळई, हे चिठ्ठी टाकून ठरे. मोजणारीचे मन कुठे कलू नये म्हणून परिचारिका प्रत्येकाचा पाय कापडी नळीने झाकून आत पाठवी. पट्टीचा व्रण लांब, सळईचा आखूड. दिसला की कळलेच.

मग अण्णा, तिचे वडील, शिडीवरून पडले, मांडीचे हाड तिथेच मोडले आणि त्यांचाही उपचार चिठ्ठी टाकून ठरला. खरे तर वडिलांना तिने मोजू नये. पण दुसरे मोजणारे कोणी नव्हते. डॉक्टरांनी अण्णांना बजावले, “लेकीला काही कळू द्यायचं नाही हं.”

अण्णा शब्दाचे पक्के. घरीही नळी उतरवेनात. तिजोरीलासुद्धा एवढा पहारा नसतो, असे म्हणून ती हसे. पुढे ते हसू आटले. भिंतीपलीकडे एक पाऊल टेकल्याचा आवाज येई आणि दुसरे येईचना. त्या मधल्या शांततेत ती कान देऊन बसे. दार उघडावे तर अण्णा खुर्चीत, हसतमुख. दुखतेय का विचारले की विषय बदलत.

तपासणीला गुडघा पूर्वीपेक्षा जास्त वाकला. तिला बरे वाटले. दुसऱ्याच क्षणी हाताला काही विपरीत जाणवले. वाकत होते ते गुडघ्यात नव्हे, त्याच्या वर, जिथे काहीच वाकायला नको.

परिचारिका अडवेपर्यंत तिने नळी ओढून काढली. बाहेरच्या बाजूने लांबच लांब व्रण, आणि मांडी धनुष्यासारखी बाकदार.

“अण्णा, दुखत नव्हतं?”

“दुखायचं की. पण तुला कळू द्यायचं नव्हतं ना?”

“व्रण, अण्णा. फक्त व्रण.”

ते ओशाळले. “मला वाटलं, तुझं काम बिघडेल.”

हाड सांधलेच नव्हते आणि पट्टी वाकली होती; ती काढून सळई घातली. हाड यथावकाश सांधले. पाय मात्र आखूड राहिला.

कोनवाली अजून मोजते. आकडा चांगला आला की तिचा हात थबकतो, आणि नोंदवण्याआधी ती वरचे हाड चाचपून पाहते.