रिकाम्या चांदण्या

आन् दुकानदार मलाच हसतो, बायांनो! एसीला चिकटवलेल्या कागदावर पाच चांदण्या छापल्यात. मी बोट ठेवून मोजल्या, मगच पसंत केला. आज मुरुडला दुकानात विचारलं तर म्हणतो, "मावशी, रंग भरलेल्याच मोजायच्या असतात. तुमच्या तीनच हायेत. गार तेवढंच करतो, पण लाइट जास्त खातो."

हे ऐकलं आणि आमच्या मालकांनी रिमोट खिशात घातला. म्हणे, "तूच निवडलास, आता बस बघत."

एसी बसवताना खोलीची एकच खिडकी होती, तीबी विटांनी बुजवली. आता वारा न्हाई, एसी न्हाई. सासूबाई आणि मी आत उकडून राहिलो.

मोजायच्या न्हाईत तर रिकाम्या चांदण्या छापतात कशाला?

आणि अहो, तुम्हीबी या ग्रुपात आहात, वाचताय. रविवारपर्यंत सांगा, रिमोट देता का मी खिडकी फोडू?