रविवारी आजारी पडणारी गाडी

गॅरेजवाल्या मिस्त्रींना गल्लीत सगळे ‘उलटतपास’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण ते त्यांना माहीत होतं आणि हे नाव कोणी पाडलं याबद्दल त्यांचा तिघांवर संशय होता.

गाडी घेऊन गिऱ्हाईक दारात आलं की मिस्त्री आधी गाडीकडे नव्हे, माणसाकडे बघत. ‘कालपर्यंत ठणठणीत होती हो’ असं म्हणणारा हमखास महिनाभर घरघर ऐकत बसलेला असतो. ‘ऑइल आत्ताच बदललंय’ म्हणणाऱ्याच्या ऑइलचं डांबर झालेलं असतं. ‘मी नाही, माझा भाऊ चालवत होता’ म्हणणाऱ्याला बऱ्याचदा भाऊच नसतो. उमेदीची सगळी वर्षं असल्या थापा ऐकण्यात गेल्यावर मिस्त्रींचं मत बनलं होतं की यंत्र खोटं बोलत नाही आणि माणूस खरं बोललाच तर त्यातही त्याचा काहीतरी डाव असतो. धंद्याला हे मत फार मानवलं. पण गॅरेजचे कपडे दारात उतरवून घरात शिरावं तसा संशय काही त्यांना उतरवून ठेवता येईना. दूध आज पातळ का, शेजारी हसून का बोलला, बायको फोनवर आवाज बारीक का करते, सगळ्याची चौकशी व्हायची. बायको इतकी सरावली होती की प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी होई.

एकुलती एक लेक लग्न होऊन शेजारच्या गावी गेली आणि या संशयाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. जावई दातांच्या कवळ्या बनवायचे. माणूस शांत, हात स्वच्छ, बोलणं मऊ. मिस्त्रींना तिथेच खटकलं. खोटे दात बनवणाऱ्या माणसाच्या खऱ्या हसण्यावरही विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा बायकोला सवाल होता.

‘ठेवू नका,’ बायको म्हणायची. ‘पण निदान त्यांना सुखानं जेवू तरी द्या.’

थंडी पडायला लागली आणि लेकीचं येणं बंद झालं. बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिलेला, तिला बसची पायरी चढवत नसे, त्यामुळे लेक येईल तेव्हाच मायलेकींची भेट. दर रविवारी ती दाराशी येऊन बसायची आणि दर रविवारी सकाळी जावयांचा फोन यायचा. ‘मामा, गाडी चालूच होत नाही हो. डिझेल गाडी, त्यात ही थंडी. दुपारी ऊन पडलं की होते, पण तेव्हा निघून काय उपयोग? आणि बस तर हिला लागते.’ तिथला मेकॅनिक दुपारी येऊन बघून गेला होता. त्याला काही सापडलं नव्हतं.

फोन ठेवला की मिस्त्री येरझारा घालत. गाडी जुनी होती, थंडीत कुरकुरणार हे कबूल. पण बुधवारी जावई त्याच गाडीने पहाटे कवळ्या पोचवायला गेले होते, हे लेकीच्याच तोंडून ओघात निघून गेलं होतं. बुधवारी काय ऊन पडलं होतं?

‘इंजिनाला वार कळत नाही,’ ते बायकोला म्हणाले. ‘हा माणूस पोरीला इकडे येऊ देत नाहीये. काहीतरी लपवतोय. आता मीच जाऊन बघतो.’

बायकोचा चेहरा उतरला. ‘जायचं तर जा. पण आधी फोन करा.’

फोन करून चोर पकडता येतो काय? मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी भरली आणि रविवारी पहिली बस धरली.

ते पोचले तेव्हा छपरांवर दहिवर पांढरं दिसत होतं. गाडी घरासमोर उभी होती आणि जावई कानटोपी घालून आत बसले होते. चावी फिरवत होते, थांबत होते, परत फिरवत होते. सासऱ्यांना बघून ते लगबगीने उतरले आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘बरं झालं आलात, मामा. मी तर हात टेकले.’

हसण्यात खोट काढायचा मिस्त्रींनी प्रयत्न केला. सापडली नाही, म्हणून त्यांचा संशय दुणावला. दार उघडून लेक बाहेर आली. बापाला बघून तिने आधी बॉनेटकडे पाहिलं आणि मग बापाकडे. ‘चहा टाकते,’ म्हणाली आणि आत गेली. घाबरवून ठेवलंय पोरीला, मिस्त्रींनी मनात नोंदवलं.

‘फिरवा चावी.’

स्टार्टर दणदणीत फिरला. म्हणजे बॅटरीत दम होता. मिस्त्री मागे जाऊन धुरांड्यापाशी उकिडवे बसले. पांढरा धूर येत होता, त्याला कच्च्या डिझेलचा वास होता. म्हणजे डिझेल गोठलेलं नव्हतं, नळीत हवाही शिरली नव्हती. इंजिनात डिझेल पोचत होतं, पण पेटत नव्हतं. थंडीत डिझेल पेटायला इंजिनाला आतून आधी ऊब द्यावी लागते आणि ती देतात हीटर प्लग.

‘डॅशबोर्डवर हीटरचा दिवा लागतो?’

‘लागतो, मामा. तो विझेपर्यंत मी थांबतो. तुम्हीच शिकवलं होतंत.’

मिस्त्रींनी पिशवीतला तपासणीचा दिवा काढला आणि त्याचं टोक प्लगच्या पट्टीला लावलं. दिवा लागला नाही. डॅशबोर्डवर दिमाख होता, पण प्लगपर्यंत करंट येतच नव्हता. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवत नेलं. ज्या बोल्टवर जाडी तार असायला हवी, त्यावर नुसताच नट होता. तार खाली पाईपांच्या मागे दडवलेली. ती तुटलेली नव्हती, कोणीतरी पाना लावून काढली होती.

मिस्त्रींना आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. इतक्या महिन्यांचा संशय असा हातात सापडला होता. त्यांनी तार दोन बोटांत उचलून धरली.

‘ही तार कसली, जावईबापू?’

जावयांनी वाकून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं. ‘वायपरची का?’

तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, उघडं टोक कुठे टेकून ठिणगी उडू नये म्हणून. एवढी काळजी वायपरवाल्याची नव्हती. आणि त्या पट्टीचा शेवट आतल्या बाजूला दुमडलेला होता, परत काढताना नखानं खरवडत बसायला लागू नये म्हणून. अशी दुमड घालायला त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं. शाळा सुटली की ती दप्तर टाकून गॅरेजमध्ये यायची.

त्यांनी पट्टी सोडवली. ती एका ओढीत निघाली. तार बोल्टवर बसवली, नट आवळला. हीटरचा दिवा विझल्यावर जावयांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडू लागलं.

‘काय होतं, मामा?’

‘तार सैल होती,’ मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

स्वयंपाकघरात लेक ओट्याला पाठ लावून उभी होती. चहा उकळून उकळून काळा झाला होता.

‘का गं?’ त्यांनी विचारलं. एवढा लहान प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता.

‘मागच्या वेळी आम्ही आलो तेव्हा तुम्ही गुपचूप जाऊन त्यांच्या गाडीचे किलोमीटर वाचून आलात. आणि भरल्या ताटावर विचारलंत, एवढी गाडी फिरते कुठे म्हणून.’ तिचा आवाज चढला नाही. ‘त्यांनी हातातला घास खाली ठेवला, बाबा. परत येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. आणि पुढचा रविवार आला तेव्हा स्वतःच म्हणाले, चल, मामा वाट बघत असतील. त्यांना येऊ नका म्हणायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला तर काही सांगायची सोयच नाही. मग गाडीलाच आजारी पाडलं. शनिवारी रात्री काढते, रविवारी दुपारी लावते.’

‘आईचा तरी विचार करायचा. वाट बघून बघून...’

‘आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.’

मिस्त्री खुर्चीवर बसले. शेजारी, दूधवाला, जावई, सगळ्या जगावर त्यांनी संशय घेतला होता. या दोघींवर घ्यायचं मात्र कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि त्या दोघींनी मिळून त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्यांना राग यायला हवा होता, पण लाज वाटत होती.

बाहेरून जावई आत आले ते हात चोळतच. ‘गाडी झक्कास झाली. चला, आजच निघू सगळे. मामांनाही सोडू, आईंनाही भेटू.’

लेकीने बापाकडे पाहिलं. तिला आई हवी होती, हे मिस्त्रींना तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. आणि त्याच तोंडावर तो भरल्या ताटातला घासही दिसला.

‘आज नको,’ ते म्हणाले. ‘तार नुकतीच आवळलीय. आठवडाभर जवळपास फिरवून बघा, मग लांब न्या.’ जन्मभर गिऱ्हाइकांच्या थापा ऐकल्या, त्यांतली एक आज त्यांनी मारली. जावयांनी ती मान डोलावून ऐकून घेतली.

लेक बसथांब्यापर्यंत सोडायला आली. हत्यारांची पिशवी तिने घेतली होती.

‘पुढच्या रविवारी या तुम्ही,’ मिस्त्री म्हणाले. ‘मी नसेन घरी. गॅरेजमध्ये काम आहे.’

गॅरेज रविवारी बंद असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘असं काय करता बाबा, तुम्हीही थांबा की’, एवढं ती म्हणेल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी वाट पाहिली. वळणावर बस दिसली.

‘जेवायला तेवढे या,’ ती म्हणाली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

स्वतःच्याच घरी जेवायचं बोलावणं घेऊन मिस्त्री बसमध्ये चढले. किती वाजता येऊ, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी विचारलं नाही.