पेंढ्यात ठेवलेली पुस्तकं

२०१४ साली मी आमचं चिखले गाव सोडलं, तेव्हा चारोटी नाक्यावर बसची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो: मी, नवरा, आई आणि चिकूची पेटी. नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती. वडील आधीच गेलेले, भावंडं नाहीत, म्हणजे चिकूची वाडी आणि घर आता आईच्या एकटीच्या गळ्यात. बस आल्यावर मी असं काही रडले की कंडक्टरने घाबरून खिडकीची जागा दिली. आई कोरडी ठाक. "पेटी लगेच उघडू नकोस. पेंढ्यात ऊब धरू दे," म्हणाली. आमचा चिकू झाडावर पिकत नाही. कच्चा उतरवायचा, भाताच्या पेंढ्यात दाबून बंद करायचा, मग तो मऊ होतो. आईला जपून ठेवण्याची हीच एक रीत ठाऊक होती.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना खरं वाटणार नाही, पण पुण्यात पुस्तकं फुकट मिळतात. सोसायटीच्या फाटकापाशी कपाट, चहावाल्याकडे फळी, बागेच्या भिंतीला टांगलेला लोखंडी डबा. वर पाटी: एक घ्या, एक ठेवा. मी नवऱ्याची खात्याच्या परीक्षेची गाइडं एकेक करून ठेवली आणि कादंबऱ्या उचलल्या. लवकरच माझ्या लक्षात आलं, की इमारतीतला एखादा म्हातारा वाचक गेला की तेराव्यानंतर कपाट भरतं. मग मी सूचनाफलकावरचे शोकसंदेश भक्तिभावाने वाचायला लागले. "कोण गेलं गं?" नवरा विचारायचा. "बहुतेक रहस्यकथावाले," मी म्हणायचे.

ही लूट मी पिशव्या भरभरून आईकडे न्यायचे. वाडीतल्या शेडमध्ये तलासरीकडच्या बाया चिकू निवडायला बसत आणि आई त्यांना वाचून दाखवी. हात फळांवर, कान आईकडे. संध्याकाळी ज्यांच्या घरात कुणी वाचणारं असेल त्या पुस्तक घरी नेत, दुसऱ्या आठवड्यात आणून देत आणि नवं नेत. पुण्यातल्यासारखी पाटी नव्हती, पण देवघेव चोख. एका खुनाच्या कादंबरीची शेवटची पानंच नव्हती. आई दरवेळी नवा खुनी उभा करायची. जानी नावाची बाई तिला अडवायची, "ओ बाय, मागच्या खेपेला तर दिरानं मारलेलं!"

"तेव्हा तू खोकत होतीस. नीट ऐकलं नाहीस," आई म्हणायची, आणि सगळी शेड खिदळायची.

२०१८च्या अखेरीस जमीन हलायला लागली. तलासरीकडे घरं तडकली, माणसं भर थंडीत अंगणात तंबू ठोकून राहिली. आमच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. मी फोनवर साम, दाम, दंड, सगळं करून पाहिलं. आई हलेना. पुस्तकं नीट राहिली तरच येईन, म्हणाली, ती बायांची आहेत. घर पडलंच तर ढिगाऱ्याखाली जाऊ नयेत म्हणून तिने ती उघड्यावर, वाडीत ठेवायची ठरवली. चिकूच्या पेट्या घेतल्या, तळाला पेंढा, वर पेंढा, मधे पुस्तकं दाबून बसवली, वर ताडपत्री आवळली. फळ जपतात तसं. मग ती पुण्याला आली.

पुण्यात मी तिला कपाटं दाखवत हिंडले, जणू माझ्याच मालकीची. आई प्रत्येक कपाटापाशी थांबायची. लोक यायचे, एका हातात फोन, दुसऱ्याने पुस्तक काढायचे, निघून जायचे. "अहो, घरी वाचून कुणाला दाखवणार?" तिने एका गृहस्थांना विचारलं. त्यांनी दचकून पुस्तक परत ठेवलं. मला हसू आवरेना. आई हसली नाही. "हे एकमेकांशी बोलत पण नाहीत गं," म्हणाली.

पावसाच्या आधी आम्ही चिखल्याला गेलो. मागची भिंत ढासळली होती. आई तिकडे न बघता वाडीत गेली. वाडीला पाण्याची पाळी चालूच होती, पाटाचं पाणी पेट्यांच्या बुडाखालून गेलेलं. ताडपत्रीखाली पेंढ्याने ऊब धरली होती. पेटी उघडली तेव्हा आंबूस वाफ आली. पानांचे गठ्ठे झालेले, वर हिरवी बुरशी, खालच्या पेट्यांत वाळवी.

आई मांडी घालून बसली आणि चिकू निवडतात तशी निवडायला लागली. एकेक उचलायचं, अंगठ्याने दाबायचं, डावीकडे टाकायचं. उजवीकडे एकही गेलं नाही. मी तिच्याशेजारी बसले. मला त्या वेळी एकही विनोद सुचला नाही, आणि हे माझ्या बाबतीत फार वाईट लक्षण आहे.

"पुस्तकांचं काय घेऊन बसलीस," मी म्हणाले. "पुण्याहून टेम्पो भरून आणते. फुकट."

"पुस्तकं आणशील गो. बाया कुठून आणशील?"

हलत्या जमिनीवर शेडच्या छपराखाली बसायला बाया तयार नव्हत्या. निवडणंच बंद पडलं. चिकू झाडावरच व्यापाऱ्याला दिला होता. जानी घरच्यांबरोबर गुजरातेत मजुरीला गेली, बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. कुणाकुणाकडे एखादं पुस्तक राहिलं असेल. मागायला कुणाच्या दारी जाणार, आणि दार तरी कुठे होतं?

आईला मी परत पुण्याला आणलं. आता ती भिंत पडण्याच्या भीतीपासून सुटली आहे. मला हवं होतं ते झालं. फाटकापाशी कपाट अजून भरतं. मी पुस्तक आणते, तिच्या उशाशी ठेवते. ती त्यावर चष्मा ठेवते. मी मोठ्याने वाचायला लागले, आवाज बदलून, हातवारे करून, तर ती ऐकून घेते, एखाद्या पाहुण्याचं ऐकावं तसं.

गावाहून माझ्यासारखे निघालेले अनेक जण इथे भेटतात. घर कुठे, असं विचारतात. मी पुण्याचा पत्ता सांगते, अगदी मजला आणि लिफ्टसकट. आई शेजारीच असते. तिलाही विचारतात. ती माझ्याकडे बघते, माझ्याच घराकडे बोट दाखवते आणि म्हणते, "हिचं घर ते."