तिसऱ्या रांगेतले ठोसरकाका

हिल्डेकाकू माझ्याशी नेहमी मराठीत बोलायच्या. मोडकंतोडकं, क्रियापद हवं तिथे टाकून, पण मराठीत. मार्चमधल्या त्या मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला आणि त्या सरळ जर्मनमध्ये बोलायला लागल्या, तेव्हाच मला संशय आला. ठोसरकाका झोपेतच गेले होते. मी ऑफिसला जाण्यासाठी ट्रामच्या थांब्यावर उभी होते. मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता मला कधीच कळणार नाही. पाच वर्षांपूर्वी मी त्यांच्याविरुद्ध एक निनावी मेल लिहिली होती. ती मी लिहिली हे त्यांना ठाऊक होतं का, या एका प्रश्नापायी पाच वर्षं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाळत ठेवून होते... आणि आता चेहराच उरला नव्हता.

मी मूळची पुण्याची, सोळा वर्षांपूर्वी बॉनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आले. दुसऱ्याने नीट केलेल्या कामावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं काम. स्वभाव आधीपासून तसाच, नोकरीने त्याला मान्यता दिली इतकंच. सदाशिव ठोसर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. साताऱ्याहून विशीत इथे यंत्रं शिकायला आले, छापखान्याची यंत्रं जोडण्यात हयात गेली, ऱ्हाइनलँडच्या हिल्डेशी लग्न केलं. मराठी मंडळात नवा कोणी आला की त्याचे फॉर्म भरून द्यायला काका हजर. माझा आनमेल्डुंगचा फॉर्म, म्हणजे शहरात राहायला आल्याची नोंद, त्यांनीच समोर बसून भरून घेतला. धर्माच्या रकान्यापाशी मी अडले तशी म्हणाले, "इथे रेघ मार. बाकी सगळं त्यांना लागतंच, हे नसलं तरी चालतं." मी विचारलं, "तुम्ही काय लिहिलंत, काका?" ते हसले आणि पुढचं पान उलटलं. माझ्या डोक्यातल्या वहीत त्यांच्या नावावर ती पहिली नोंद झाली.

निवृत्तीनंतर काका विद्यापीठात गास्टह्योरर झाले होते. इथे म्हातारी माणसं परीक्षेची कटकट न ठेवता तरुण पोरांच्या शेजारी बसून व्याख्यानं ऐकू शकतात, त्यांना तसं म्हणतात. काकांनी विषय निवडला रोमन साम्राज्य, आणि त्यातही सुरुवातीचे ख्रिस्ती लोक. दर शनिवारी चार वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात चहा व्हायचा, आलं घातलेला, माझा बिनसाखरेचा, आणि आठवडाभरात ऐकलेलं ते मला सांगायचे. मसाल्याच्या डब्यांशेजारी एक वीतभर गणपती, त्याच्यापुढे रोज निरांजन. बाहेर पॅसेजमध्ये कॅलेंडरच्या बाजूला एका जीर्ण पपायरसच्या तुकड्याचा फोटो. सम्राटांची नावं ते मला पुन्हापुन्हा सांगायचे आणि माझ्या लक्षात एकही राहिलं नाही. गोष्ट मात्र राहिली. एका सम्राटाने हुकूम काढला की प्रत्येकाने देवांपुढे नैवेद्य ठेवायचा, त्यातला घास खायचा आणि तसा दाखला घ्यायचा. फोटोतला कागद म्हणजे तसाच एक दाखला. माणसाचं नाव, गाव, भुवईवर व्रण असल्याची खूण, आपण देवांना नेहमीच नैवेद्य दाखवत आलो असं त्याचं निवेदन आणि खाली त्याला घास खाताना पाहिलेल्या साक्षीदाराची सही. "नैवेद्य दाखवायचा, प्रसाद खायचा, कागद घ्यायचा. एवढंच," काका म्हणायचे, "आणि त्या एवढंचवर माणसं मेली, बरं का." दुसऱ्या देवांना मानणं ख्रिस्ती लोकांना वर्ज्य, म्हणून काहींनी नकार दिला. काहींनी प्रसाद खाल्ला आणि घरी येऊन रडले. काहींनी ओळखीच्या कारकुनाला गाठून नुसताच कागद मिळवला. काकांचा जीव या तिसऱ्या जातीच्या माणसांत अडकलेला होता, आणि हे मला खटकायचं.

इथल्या मोठ्या चर्चच्या चौकात दगडाची दोन प्रचंड मुंडकी जमिनीवर ठेवली आहेत. रोमन फौजेतले दोन शिपाई, श्रद्धा सोडली नाही म्हणून मारले गेले, अशी इथली कथा. मुलं त्यांच्या नाकावर चढून बसतात. एकदा तिथे कॉफी पिताना काका म्हणाले, "ज्यांची डोकी पडली त्यांचे पुतळे झाले. ज्यांनी कागद घेतला ते जगले. मग वारं फिरलं, छळ थांबला, आणि त्यांना त्यांच्याच लोकांनी दारात उभं केलं. तुम्ही तेव्हा काय केलंत, सांगा. परत आत घ्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं." मी म्हटलं, बरोबरच आहे, विचारायला नको का? काकांनी कपातला चमचा बराच वेळ फिरवला. पुढे तर सम्राटच ख्रिस्ती झाले, आणि दोन-तीन पिढ्यांत जुन्या देवळांना कुलपं लागायला लागली, नैवेद्य दाखवणाराच गुन्हेगार ठरला. "खुर्ची तीच गं, फक्त रांगेतली माणसं बदलली," असं म्हणून त्यांनी मफलर गुंडाळला आणि आम्ही निघालो.

आता माझ्या नोंदींबद्दल. रविवारी काका काकूंबरोबर चर्चमध्ये जायचे. बायकोला सोबत, असं मी आधी धरून चालले. मग एका वर्षी, कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते मला ट्राममध्ये भेटले. कपाळावर राख. मला आधी अंगाराच वाटला, साताऱ्याच्या माणसाच्या कपाळावर दुसरं काय असणार? जवळ गेले तर तो क्रूस होता, बोटाने ओढलेला, कॅथलिक लोक त्या दिवशी चर्चमध्ये लावून घेतात तसा. मी बघते आहे हे त्यांनी पाहिलं, पण पुसला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना पेन्शनच्या कामासाठी मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे राहण्याचा दाखला, स्कॅन करून पाठवायचा होता. त्यांच्या कॉम्प्युटरचं काम नेहमी मीच करायची. दाखल्यावर धर्माचा रकाना होता आणि त्यात दोन अक्षरं होती. त्यांचा अर्थ रोमन कॅथलिक.

मंडळाच्या गणपतीची पूजा तेव्हा बारा वर्षं ठोसरकाका सांगत होते. स्वच्छ उच्चार, ठणठणीत आवाज, लाल कापडात गुंडाळलेली वडिलांची पोथी. मला राग नक्की कशाचा आला, हे मी आज प्रामाणिकपणे सांगते. देवाधर्माचा फारसा नव्हता. सोळापैकी अकरा वर्षं मी ज्या माणसाच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी बसले, त्याने मला हे सांगितलं नाही, याचा होता. सरळ विचारता आलं असतं. त्याऐवजी मी एक नवा मेल पत्ता उघडला आणि मंडळाच्या समितीला चार ओळी लिहिल्या. आपली पूजा सांगणारे गृहस्थ सरकारदरबारी कॅथलिक आहेत, दाखला मी स्वतः पाहिला आहे, सभासदांना हे माहीत असू नये का? खाली नाव नव्हतं. मी फक्त एक चूक नोंदवते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आमच्या कामात चूक नोंदवली की झोप छान लागते.

दोन आठवड्यांनी समितीने जाहीर केलं की यंदापासून पूजेचा मान तरुण जोडप्यांना द्यायचा. काकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच शनिवारी माझा वाढदिवस होता आणि काकांनी स्वतः उभं राहून शेवयांची खीर केली होती. मी वाटी हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले. हे आजच का? वेलची एवढी का घातली? गणपतीच्या दिवशी ते हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसले. नवा यजमान मोबाइलवर बघून मंत्र म्हणत होता, अडखळला की काकांचे ओठ हलायचे, आवाज मात्र यायचा नाही. प्रसाद वाटला गेला तेव्हा मी काय केलं असेल? ते खातात की नाही ते बघितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून घेतला, खाल्ला, आणि थोडा कागदी रुमालात बांधून खिशात ठेवला. त्या क्षणी मला पॅसेजमधला तो फोटो आठवला आणि आपण त्यातले कोण आहोत, ते कळलं. तरी मी गप्प राहिले.

त्यानंतरची पाच वर्षं शनिवार चुकला नाही, पण मला चहा कधी सुखाने लागला नाही. एकदा त्यांनी एका रोमन सुभेदाराची गोष्ट काढली. त्याच्याकडे ख्रिस्त्यांच्या नावांची यादी आली, खाली सही नव्हती. काय करू, असं त्याने सम्राटाला विचारलं. सम्राटाने कळवलं, की त्यांना शोधत फिरू नकोस, समोर आणून सिद्ध झालं तर शिक्षा कर, पण निनावी कागद अजिबात धरू नकोस, ते आपल्या काळाला शोभत नाही. काका हे सांगून बिस्किट चहात बुडवत बसले. माझे कान गरम झाले. हे अभ्यासक्रमातलं होतं की माझ्यासाठी होतं? मी विद्यापीठाच्या साइटवर जाऊन त्या आठवड्याच्या व्याख्यानाचा विषय तपासला. खरंच तोच होता. तरी समाधान झालं नाही, कारण सांगायला त्यांच्याकडे त्या आठवड्यात दुसरंही काही असेलच की. कितीदा ओठांवर आलं, काका, ते मी केलं. दर वेळी वाटायचं, त्यांना माहीत नसेल तर उगाच कशाला दुखवा. आणि माहीत असेल तर... तर मग मी इथे बसूच कशी शकते?

अंत्यविधीला फ्रीडहोफच्या, म्हणजे दफनभूमीच्या, छोट्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती. फादर येतात की नाही, हे मी दारापाशी उभी राहून बघत होते. माझी खोड गेली नाही. फादर आले, थोडं बोलले. मग काकूंनी पिशवीतून निरांजन काढून पेटवलं. बाहेर पडताना मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष माझ्याशेजारी चालत होते. ते आपणहून म्हणाले, "आमचं चुकलंच त्या वेळी. मेल छापून घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, ठोसर, हे खरं आहे का? म्हणाले, दाखल्यावर आहे ते खरंच असणार. मग मी विचारलं, कोणी लिहिलं असेल? तर म्हणाले, सही नाही ना? मग राहू द्या." मी मान हलवली.

तीन आठवड्यांनी काकूंनी मला बोलावलं. शनिवार होता, चार वाजले होते, पण त्यांनी कॉफी केली. मी या वेळी सरळ विचारलं, की काका ख्रिस्ती झाले होते का? "हो, लग्नासाठी," काकू म्हणाल्या. "माझे वडील म्हणाले, नाहीतर नाही. तो एक दिवस गेला, पाणी डोक्यावर घेतलं, कागद घेऊन आला. मी विचार केला, आल्झो, म्हणजे, फक्त कागद. पण मग तो दर रविवार आला माझ्याबरोबर. वडील मेल्यावर पण आला. आणि रोज सकाळी तो गणपती." मी विचारलं, म्हणजे खरं काय होतं त्यांचं? काकूंनी निरांजनाकडे पाहिलं. "पन्नास वर्षं झाली. मी विचारलं नाही, अनघा. तो घरी येत होता." मग त्या उठल्या आणि लाल कापडातली पोथी माझ्यापुढे ठेवली. ही तुला द्यायची असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

पोथी मी घरी येऊन उघडली. प्राणप्रतिष्ठेच्या पानात खुणेसाठी घडी घातलेला एक कागद होता. उलगडला, तर माझ्या चार ओळी. दाखला मी स्वतः पाहिला आहे, हे मीच लिहिलेलं. आणि तो दाखला पाहणारी या जगात मी एकटीच होते, स्कॅन मी केला होता, त्यांच्याच टेबलावर बसून. इतकी ढोबळ चूक मी माझ्या हाताखालच्या पोरीलाही माफ केली नसती. म्हणजे अध्यक्षांनी कागद हातात दिला त्याच मिनिटाला काकांना कळलं होतं. पाच वर्षं मी ज्यांना तपासत होते ते पहिल्या दिवसापासून मला ओळखून होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मंगळवारी न आलेलं रडू आलं.

मंडळाला मी परवा पत्र पाठवलं. या वेळी खाली पूर्ण नाव लिहिलं. कोणी उत्तर दिलेलं नाही अजून, आणि आपल्याबद्दल आता काय बोलत असतील, हा संशय मला दिवसातून दहा वेळा येतो. त्याची आता सवय करून घ्यायची.

कागद मी पोथीत होता तिथेच परत ठेवला आहे, फक्त उलटा करून. काका कुठलाही कागद वाया घालवायचे नाहीत, पाठकोऱ्या कागदावर बाजाराची यादी करायचे. माझ्या मेलच्या पाठीवर त्यांच्या पेन्सिलीने लिहिलं आहे: शेवया, दूध दोन लिटर, वेलची, आलं. आणि खाली, अनघाचा वाढदिवस, चहा बिनसाखरेचा.