ट्रेलरच्या दाराला दिलेलं ग्रीस

मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारची वेळ. ठिकाण तिसगावजवळचं आमचं शेत. हजर: मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि सासूबाई. आम्ही तिघं बाहेर लिंबाखाली, सासूबाई ट्रेलरमध्ये.

ट्रेलर म्हणजे जीपमागे जोडायची चाकांवरची खोली. आत दोन बाकं, ओटा, गॅस आणि मुख्य म्हणजे कमोड. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना खाली बसता येत नाही आणि प्रवासात लॉजवर काय वाट्याला येईल याचा भरवसा नाही. म्हणून नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये तो बांधून घेतला. यजमानांनी खिडकीला घरासारखी लोखंडी जाळी वेल्डिंग करून घेतली. चोरांची भीती.

दाराच्या बिजागऱ्या पहिल्यापासून जड होत्या. मी आठवण करून दिली की यजमान म्हणायचे, "नवीन आहे, होईल मोकळं." शेतात आल्यावर दिरांनी ते काम अंगावर घेतलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला देतात तसं बचकभर ग्रीस फासलं. त्या दिवशी, शनिवारी, दार मस्त फिरलं. मग शेजारच्या रानात नांगरट सुरू झाली, सगळा फुफाटा ग्रीसला चिकटला आणि बिजागऱ्या करकरायला लागल्या. दार कडीच्या बाजूनं खाली झुकलं होतं, तेही आम्ही पाहिलं होतं. संध्याकाळी बघू म्हणालो.

जेवणं झाल्यावर सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात वावटळ आली. पत्रावळ्या उडाल्या, आणि ट्रेलरचं दार धाडकन आपटलं.

"सूनबाई, दार का लावलं गं?" आतून आवाज आला.

"वाऱ्यानं लागलं, आई. उघडते."

कडी फिरली. दार हललं नाही. खालचा कोपरा चौकटीत रुतला होता.

"वैनी, म्हातारीला कोंडलं का काय?" दीर हसत आले. "मनातलं सादलं म्हना की!"

"ऐकतीय मी," आतून उत्तर आलं. "भाईर येऊ दे, मंग तुला दावते."

आम्ही सगळे हसलो. दिरांनी दोन हातांनी दार ओढलं आणि त्याच वेळी मला गॅसचा वास आला.

चहा उतू जाऊन शेगडी विझली असणार. मी ओरडले, "आई, शेगडीचं बटण बंद करा! खिडकी पूर्ण उघडा!"

"केलं गं. खिडकी बी उघडली. वास तरी येतोच हाय."

म्हणजे गळती खालून होती. सिलिंडर ओट्याखाली, रेग्युलेटर त्याच्यावर. वाकून हात पोचणार नव्हता, बसावंच लागणार होतं. ज्या बाईला डॉक्टरांनी खाली बसायची बंदी केली होती तिला मी जमिनीवर बसायला सांगितलं. आतून कण्हल्याचा आवाज आला, भांडं पडलं, मग खटका लागल्याचा आवाज.

"केला बंद. आता मला उठवायला कोन येतंय?"

तेव्हा मला आठवलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, जमिनीलगत साचतो. खिडकी उघडी होती, पण ती वर होती. आणि सासूबाई खाली होत्या, मी बसवलं होतं तिथेच.

यजमान खिडकीची जाळी दोन्ही हातांनी उपटायला बघत होते. वर्कशॉपनं काम चोख केलं होतं. दीर पहार आणि हातोडा घेऊन धावत आले. मी त्यांचं मनगट धरलं.

"लोखंडावर लोखंड नको, भाऊजी. ठिणगी पडली तर?"

त्यांनी हातोडा असा टाकला की जणू तोच पेटला होता. मी खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "आई, बोलत राहा."

"काय बोलू? तुज्या चहात साखर टाकायची ऱ्हायली."

"आणखी बोला."

खोकला आला. मग काहीच नाही. मी हाका मारल्या, यजमानांनी मारल्या. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी दाराची कडी धरून ओढत राहिले.

दिरांनी गोठ्यातला बाभळीचा दांडा आणला. झुकलेल्या कोपऱ्याखाली टोक घातलं, त्याखाली ओंडका ठेवला आणि दोघे भाऊ दांड्यावर रेलले. दार वर उचललं की मी ओढायचं. पहिल्या वेळी दांडा सटकला. दुसऱ्या वेळी दार वर आलं आणि बिजागऱ्या अशा किंचाळल्या की मी डोळे मिटले. स्फोट झाला नाही. दार उघडलं.

सासूबाई सिलिंडरला टेकून बसल्या होत्या. तोंडावर पदर दाबलेला, डोळ्यांतून पाणी.

"ओ का देत नव्हतीस?" यजमान जवळजवळ ओरडलेच.

"नाकातोंडाला पदर लावून बोलू कशी?"

दोघांनी त्यांना उचलून लिंबाखाली आणलं. डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हणून सांगितलं, तरी त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही.

नगरला घरी परतल्यावर मी कामं उरकली. जाळी कापून काढली. सिलिंडर बाहेरच्या पेटीत गेला, नळी बदलली. जुन्या बिजागऱ्या काढून जाड नव्या बसवल्या, आणि ग्रीसला आता कोणी हात लावत नाही. दार एका बोटानं फिरतं.

ट्रेलर अंगणात उभा आहे. दार मी सुतळीनं उघडं बांधून ठेवलंय. कोणीतरी आत बसून ते लावायचं आणि आतूनच उघडून बघायचं, एवढंच राहिलंय. यजमान म्हणतात, "तू आत बस, मी बाहेर उभा राहतो." मी दर रविवारी बरं म्हणते. सुतळी अजून सोडलेली नाही.